सासऱ्यांचे विरघळलेले तारे

माझ्या सासऱ्यांनी ब्रह्मदेशाच्या लढाईत मिळवलेली दोन पदकं मी सेलूच्या शाळेत, आठवीच्या वर्गासमोर, विरघळवली.

हरवली नाहीत, चोरीला गेली नाहीत, चुकून मोडीत घातली नाहीत. विरघळवली! चहात साखर विरघळते तशी. फरक एवढाच, की साखर विरघळल्यावर चहा गोड होतो, आणि पदकं विरघळल्यावर पाणी इतकं सुंदर मोरपंखी झालं की पुढच्या बाकावरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मी तेव्हा त्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. विज्ञानाचा नवा मास्तर आणि नवा जावई या दोन्ही गोष्टी एकाच माणसात आल्या की तो माणूस घराला धोकादायक होतो. दिसेल ती वस्तू सुधारायला लागतो. मी सासुरवाडीची चूल सुधारली होती (धूर पूर्वी एका खोलीत व्हायचा, तो दोन खोल्यांत व्हायला लागला), सासऱ्यांचं घड्याळ सुधारलं होतं, आणि बायकोच्या शिलाई मशीनला स्वतः तयार केलेलं तेल घातलं होतं. तेव्हापासून ते मशीन फक्त उलटं शिवायचं.

सासरे मानवतला राहायचे. किसन हवालदार म्हणून गाव त्यांना ओळखायचं. उंच, सरळसोट, पांढऱ्या मिशा. पलटणीतून आल्यावर कापसाच्या एका जिनिंगवर पहारेकरी होते, पण चालताना अजूनही डावा-उजवा पाय मोजून टाकायचे. मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला 'जावाईबापू' म्हणायचे आणि 'तुमी' म्हणून बोलायचे. हा मान माझ्याकडं किती दिवस राहिला, ते पुढं येईलच.

एकाहत्तरची लढाई होऊन गेली होती. सगळीकडं जवानांचं कौतुक चाललं होतं, त्यात कुणाला तरी जुन्या जवानांचीही आठवण झाली. मामांना कागद आला. परभणीच्या मैदानावर जिल्ह्यातल्या जुन्या सैनिकांचा मेळावा, मोठे फौजी साहेब येणार, रांगेतून फिरून प्रत्येकाशी हात मिळवणार. खाली ठळक अक्षरांत होतं: 'पदके लावून यावे.'

मामांनी तो कागद माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला. मग आत जाऊन पत्र्याची ट्रंक उघडली आणि तंबाखूच्या जुन्या डब्यातून एक फडकं बाहेर काढलं. फडक्यात तीन पदकं. दोन ताऱ्यांसारखी, एक गोल. सगळी तव्यासारखी काळी.

"आत्ता चिंच लावून घासतो, लखलखीत करतो," मामा म्हणाले.

"चिंच?" मी हसलो. (त्या हसण्याची आठवण झाली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.) "मामा, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि तुम्ही चिंच लावणार? माझ्याकडं द्या. प्रयोगशाळेत एक मिनिट. फक्त एक मिनिट!"

दारात उभी असलेली माझी बायको सुमन म्हणाली, "आबा, ह्यांच्याकडं देऊ नका."

"का गं?"

"माझी मिशिन बघितली न्हाई का? उलटी चालायलीय."

"अगं, ती मिशिन हाय, हे बिल्ले हायेत. ह्यांना कुठं चालायचंय?" मामा म्हणाले, आणि तीस वर्षं जपलेलं फडकं त्यांनी माझ्या हातात ठेवलं. दोन्ही हातांनी. मला अजून आठवतं, डोळे मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आठवीचा तास होता. नुसती पदकं उजळायची, त्यापेक्षा मुलांना प्रयोगही दाखवू, असा दुहेरी फायदा मी योजला. फिती सोडवून बाजूला ठेवल्या. दोन तारे काचेच्या भांड्यात टाकले. गोल पदक दुसऱ्या फेरीसाठी खिशात. मग नायट्रिक ॲसिडची बाटली घेतली. आता, आमच्या शाळेत या ॲसिडच्या दोन बाटल्या होत्या. एकीत पाणी घालून पातळ केलेलं, दुसरीत कडक. दोन्हींची लेबलं झुरळांनी खाल्ली होती. पण शास्त्रज्ञाला लेबल लागत नाही, अनुभव लागतो. माझ्याकडं दोन्ही नव्हतं.

"मुलांनो, आता एका मिनिटात काळा थर जाईल आणि..."

तेवढ्यात हेडमास्तरांनी बोलावलं. वेळापत्रकात एका मास्तरला एकाच वेळी दोन वर्गांवर टाकलं होतं, आणि तो मास्तर मीच होतो. आमचा वाद पंधरा मिनिटं चालला. मी जिंकलो. परत आलो तर सगळा वर्ग लिंबाच्या झाडाखाली आनंदात उभा, आणि खिडक्यांतून तपकिरी धूर बाहेर येतोय!

"सर," एक मुलगी म्हणाली, "काळा थर गेला. त्याच्यामागं बाकीचंबी गेलं."

नाकाला रुमाल लावून आत गेलो. भांड्यात ते मोरपंखी पाणी. तळाशी एका ताऱ्याचं एक टोक उरलं होतं, करंजीच्या कडेएवढं. मी चिमट्यानं ते बाहेर काढायला गेलो, तर तेही माझ्या डोळ्यांदेखत फसफसत निघून गेलं.

घरी येऊन सुमनला सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली.

"पदकं जरा... विरघळली."

"विरघळली म्हंजे?"

"म्हणजे आहेत. पण पाण्यात आहेत."

"मग पाणी आटवा की!"

मी तिला समजावलं की पाणी आटवलं तर तारा मिळणार नाही, तांब्याचे निळे खडे मिळतील. त्याला तांब्याचं नायट्रेट म्हणतात.

"ते नायट्रेट आबांच्या छातीवर टाचता येतंय का?"

"नाही."

"मग त्याचं नाव मला सांगू नका!" ती म्हणाली, आणि मग एकदम खाली बसली. "अवो, आई गेली तवा आबा रडले न्हाईत. पण उंदरानं त्या बिल्ल्याची फीत कुरतडली होती तवा दिवसभर जेवले न्हाईत. त्यांना कसं सांगणार तुमी?"

सांगायचंच नाही, असं मी ठरवलं. मेळाव्याला तीन आठवडे होते. हुबेहूब तसे दोन तारे मिळवायचे आणि गुपचूप लावून द्यायचे. योजना चांगली होती. फक्त एक अडचण होती. ते तारे दिसायला कसे होते, हे मला माहीत नव्हतं! पाच टोकं की सहा? मध्ये काय होतं? सिंह? राजा? मी पदकांकडं पाहिलंच नव्हतं, मी त्यांच्यावरच्या काळ्या थराकडं पाहिलं होतं. घरात मामांचा पलटणीतला एक फोटो होता, पण त्यात ते तारे मसुराच्या डाळीएवढे दिसत होते. भिंग लावून पाहिलं, तर मसूर मोठा दिसला.

रविवारी मानवतला गेलो आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, तुमच्या त्या ताऱ्यांना टोकं किती हो?"

मामा चमकले. "बिल्ले तर तुमच्यापाशीच हायेत."

"हो, हो! पण मी म्हटलं, तुमच्या तोंडून ऐकावं. मुलांना सांगायला."

मामांचा चेहरा असा उजळला, की तेवढा उजेड मला ॲसिडनं त्या ताऱ्यांवर आणता आला असता तर! तीस वर्षांत त्यांना कुणी ब्रह्मदेशाबद्दल स्वतःहून विचारलं नव्हतं. सहा टोकं, मध्ये राजाच्या नावाची अक्षरं, वर मुकुट. एक तारा सबंध लढाईचा, एक खास ब्रह्मदेशाचा. एवढी माहिती मला पहिल्या पाच मिनिटांत मिळाली. पुढचे चार तास मी जंगलात होतो. जळवा, पाऊस, खेचरं, उपाशीपोटी चाललेली पलटण.

"आन् एक नदी," मामा म्हणाले. "पानी छातीला. लिंबाजीला हिवताप भरलेला. बोरीचा लिंबाजी, माझ्याच तुकडीतला. म्या त्याला पाठीवर घिऊन पल्याड नेला. आन् तो हरामखोर काय सांगत फिरतो ठावं हाय का? म्हनतो, त्यानं मला पाठीवर नेलं! तवापासून त्याचं तोंड बघितलं न्हाई म्या. तीस वर्सं झाली."

मी 'अरेरे' म्हणालो, पण मनात दिवा पेटला. त्याच तुकडीतला माणूस! म्हणजे त्याच्याकडं तसेच तारे!

पण मी शहाणा ना! दुसऱ्याच्या दारात जाण्याआधी आपल्या अक्कलहुशारीनं काय होतं ते पाहू म्हटलं. सेलूच्या बाजारात एक म्हातारे कासार होते. त्यांच्यापुढं चित्र काढून ठेवलं. सहा टोकांचा तारा, मध्ये इंग्रजी अक्षरं, वर मुकुट.

"हे कशाचं झाकण हाय?" त्यांनी विचारलं.

"झाकण नाही, पदक आहे."

"कुनाला द्यायचं?"

"सासऱ्याला."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं दयेनं पाहिलं. "मानूस सासऱ्याला पातेलं देतो, हंडा देतो." पण घेतलं काम. आठ दिवसांनी दोन तारे तयार. अंगानं पुरणपोळीएवढे. अक्षरं उलटी. मुकुट सीताफळासारखा. आणि सवयीनं त्यांनी मागं आमच्या घराण्याचं नाव ठोकलं होतं, भांड्यांवर ठोकतात तसं, आणि वर एक कडीही बसवून दिली होती. "उद्या नको झाले तर डब्यावर बसतील," म्हणाले.

सुमननं एक तारा हातात तोलून पाहिला. "हे छातीवर लावलं तर आबा पुढं पडतील," ती म्हणाली.

आता बोरीशिवाय गत नव्हती. एक एसटी, मग दुसरी एसटी, मग बैलगाडीवाल्याच्या कृपेनं थोडी वाट, अशी मी बोरी गाठली. लिंबाजीबुवांचं घर विचारत गेलो. दारात बसून एक ठेंगणा, टकलू म्हातारा बाजेचा सुंभ आवळत होता.

"जयभीम. लिंबाजीबुवा आपणच का?"

"जयभीम. बसा. कोनाचे तुमी?"

"मानवतच्या किसन हवालदारांचा जावई."

म्हाताऱ्याच्या हातातला सुंभ सुटला आणि अर्धी बाज उसवली. "किसन्यानं पाठवलं तुला? कबूल झाला का? नदीचं कबूल झाला?"

"नदीचं...?"

"पानी छातीला!" म्हातारा उभा राहिला. "किसन्याला हिवताप भरलेला. म्या त्याला पाठीवर घिऊन पल्याड नेला! आन् तो सांगत फिरतो..."

नदी तीच, हिवताप तोच, छातीला लागणारं पाणी तेच. फक्त वरचा माणूस खाली आणि खालचा वर. मी दोन्ही गोष्टींवर मान डोलावली. (लग्नानंतर ही मान आपोआप डोलते.) मग हात जोडून सगळा गुन्हा सांगून टाकला. ॲसिड, धूर, कासार, सगळं.

लिंबाजीबुवा ऐकत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना झटके यायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते! खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "जपान्यानं इतके गोळे टाकले, पर किसन्याच्या बिल्ल्याला टवका गेला न्हाई. आन् जावायानं पार पानीच केलं!"

मग ते आत गेले आणि एक पुरचुंडी घेऊन आले. दोन तारे. स्वच्छ, पिवळे, चिंचेनं घासलेले! मागच्या बाजूला चाकूच्या टोकानं वेडंवाकडं कोरलं होतं: लिंबाजी.

"घिऊन जा," ते म्हणाले. "पर किसन्याला सांगायचं न्हाई कोनाचे ते."

"पण मेळाव्याला तुम्हाला लागतील ना?"

"मला कुठं कागद आला?" ते बाजेकडं बघत म्हणाले. "नाव ऱ्हायलं आसंल. मी न्हाई तर माझे बिल्ले तरी परभनी बघून येतील."

मी पुरचुंडी खिशात घातली, त्यांच्या पाया पडलो आणि निघालो. मागं कोरलेल्या नावाचं मी फारसं मनावर घेतलं नाही. पदकाची मागची बाजू बघतंय कोण?

मेळाव्याच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा मानवतला पोचलो, म्हणजे मामांना नीट पाहायला वेळच मिळू नये. सुमननं जुन्या फितींवर तारे ओवून, प्रत्येक पदकाला वेगळी सेफ्टी पिन लावून, तिन्ही पदकं कोटावर टाचली. मामांनी मान वाकवून छातीकडं पाहिलं. चष्मा नव्हता. बोटांनी तारे चाचपले.

"लय झकास केले, जावाईबापू," ते म्हणाले. "अगदी नवे वाटायलेत."

सुमन पदराआड खोकली.

परभणीच्या मैदानावर मंडप, दोर बांधून केलेली रांगेची जागा, भोंगे, सगळा थाट. दोराच्या आत चाळीस-पन्नास म्हातारे छाती काढून उभे. दोराबाहेर आम्ही घरची माणसं. साहेब यायला अवकाश होता. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि तेवढ्यात मला दोराबाहेर, माझ्यापासून दहा हातांवर, एक ठेंगणा, टकलू माणूस दिसला. इस्त्रीचा सदरा. डोळे मामांच्या छातीवर.

मी धावत गेलो. "बुवा! तुम्ही इथं कसे?"

"माझे बिल्ले कसे दिसतेत ते बघाय आलो," ते कुजबुजले. "तू काळजी करू नको. मी काय बोलत न्हाई."

ते बोललेच नाहीत. बोलायची गरजच पडली नाही, कारण मामांनीच त्यांना पाहिलं.

"लिंब्या?" मामा रांग सोडून दोरापाशी आले. तीस वर्षांनी दोघं समोरासमोर. मला वाटलं, आता मारामारी. पण मामा बघत होते त्यांच्या रिकाम्या सदऱ्याकडं. "भाईर का उभा? बिल्ले कुठं हायेत तुझे?"

लिंबाजीबुवांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "गेले कुठंतरी," म्हणाले. "आन् मला कागद न्हाई आला."

"कागद न्हाई आला म्हंजे तू लढला न्हाईस का?" मामांनी दोर वर उचलला. एक स्वयंसेवक धावत आला, "आजोबा, ज्यांना पत्र आहे त्यांनीच..." मामांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं, आणि त्या स्वयंसेवकानं दुसऱ्या बाजूनं दोर धरला. लिंबाजीबुवा आत गेले. मामांनी आपल्या छातीवरचा एक तारा काढला आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या सदऱ्याला टाचला.

"घे. आजच्या दिस. संध्याकाळी वापस कर."

"लय उपकार झाले," लिंबाजीबुवा स्वतःच्याच पदकाकडं बघत म्हणाले. मग थोडं थांबून, "दुसराबी दे की."

"हावरा ऱ्हायलास अजून!"

दोघं शेजारी शेजारी उभे राहिले आणि लगेच भांडायला लागले. समोर बघत, ओठ न हलवता, पलटणीत भांडतात तसं.

"नदीत म्या तुला नेलं."

"म्या तुला नेलं."

"तुला हिवताप होता."

"तुला होता."

बराच वेळ असं चाललं. मग लिंबाजीबुवा म्हणाले, "किसन्या, ती नदी आपन किती बार वलांडली रं?"

मामा बोटं मोजायला लागले. "जाताना एकडाव... आन् पूल उडवल्यावर येताना..." बोटं थांबली. समोर बघता बघता मामांची मिशी थरथरायला लागली. "म्हंजे एकडाव म्या, एकडाव तू. आपन दोघंबी तीस वर्सं खरंच बोलायलोत," ते म्हणाले.

मला दोराबाहेर हुंदका आला. सुमन डोळे पुसत होती. गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण मग मोठे साहेब आले.

साहेबांच्या बरोबर एक जण माईक घेऊन चालत होता, प्रत्येकाचं नाव सगळ्या मैदानाला ऐकू जावं म्हणून. साहेब मामांपुढं थांबले.

"हवालदार किसन, साब!" भोंग्यांतून मामांचा आवाज घुमला.

साहेबांनी कौतुकानं छातीवरचा तारा बोटांत धरला. "बहुत बढ़िया चमकाया है!" आणि तो उलटा केला. (या देशात पदकाची मागची बाजू पाहणारा तो एकच माणूस असेल, आणि तो परभणीला आला!) "इस पर तो नाम लिखा है. लिं... बा... जी."

"लिंबाजी, लिंबाजी," भोंगे म्हणाले.

साहेब गोंधळले, शेजारी सरकले, लिंबाजीबुवांचा तारा उलटा केला. "ये भी लिंबाजी?"

"साब, मैं तो जनम से लिंबाजी हूँ."

मामा सावकाश वळले. "लिंब्या, माझ्या बिल्ल्यावर तुझं नाव कसं रं?"

लिंबाजीबुवांनी दिलेला शब्द पाळला. ते काहीही बोलले नाहीत. नुसतं बोट लांब करून दोराबाहेर माझ्याकडं दाखवलं.

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. माईकवाला उत्साही माणूस होता. त्यानं माईक लांबवून थेट माझ्या तोंडापुढं धरला.

"मामा," मी म्हणालो, "तुमचे तारे..." माझाच आवाज चारी बाजूंनी अंगावर आला. "ते मी ॲसिडमध्ये टाकले होते."

"मग?"

"विरघळले."

"विरघळले... घळले... घळले..." भोंग्यांनी ही बातमी स्टेशनापर्यंत पोचवली.

पहिलं हसू रांगेतल्या कुठल्या म्हाताऱ्याला फुटलं ते कळलं नाही, पण ते रांगभर पळत गेलं. साहेबसुद्धा हसत होते. त्यांनी मला विचारलं, "काम क्या करते हो?"

"विज्ञान पढ़ाता हूँ, साब."

साहेबांचं हसू थांबलं. "बच्चे सलामत हैं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

न हसलेला एकच माणूस होता. मामा. एसटीत बसलो तरी ते बोलले नाहीत. सुमन माझ्याशेजारून उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मानवत आलं, उतरलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तू त्या दिवशीच येऊन का सांगितलं न्हाईस?"

'तू' म्हणाले. पहिल्यांदाच.

"भीती वाटली, मामा."

"हां," ते म्हणाले. बराच वेळ चालत राहिले. डावा, उजवा. "मलाबी लय भ्या वाटायचं. तिकडं." मग माझ्या पाठीवर थाप मारली. थाप अशी होती की मी चार पावलं पुढं गेलो. ती मायेची होती की शिक्षेची, याबद्दल माझ्यात आणि सुमनमध्ये अजूनही मतभेद आहेत.

पुढच्या रविवारी मी ते मोरपंखी पाणी बाटलीत भरून, बुचावर लाख ओतून, मामांना नेऊन दिलं. टाकवत नव्हतं. मामांनी बाटली उजेडाकडं धरून पाहिली आणि उंच फळीवर ठेवली. आल्यागेल्याला दाखवायचे, "ह्याच्यात ब्रह्मदेस हाय." दर पंधरा दिवसांनी बोरीहून लिंबाजीबुवा यायचे, ते बाटलीला सलाम ठोकूनच चहा घ्यायचे.

साहेबांनी त्या दिवशी जाताना मामांना नवे तारे मिळवून द्यायचा शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. नष्ट झालेल्या पदकांच्या बदल्यात नवी देण्याची खात्यात सोय होती, तिचा फॉर्म त्यांनी पाठवून दिला. माझं अक्षर चांगलं म्हणून भरायला मीच बसलो. मामा सांगत होते, शेजारी लिंबाजीबुवा सल्लागार. नाव, पलटण, पदकांचं वर्णन, सगळं झालं. (वर्णन मी तोंडपाठ लिहिलं. सहा टोकं!) शेवटचा रकाना होता: 'पदके नष्ट होण्याचे कारण. आग, पूर, चोरी, शत्रूचा हल्ला, इतर आपत्ती. लागू नसेल ते खोडावे.'

"आग खोडा," मामा म्हणाले. "पूर खोडा. चोरी खोडा."

"शत्रूचा हल्ला?" मी विचारलं.

मामा विचारात पडले. लिंबाजीबुवांकडं पाहिलं. दोघांनी मिळून माझ्याकडं पाहिलं.

"खोडा," मामा शेवटी म्हणाले. "इतर आपत्ती ऱ्हाऊ द्या. आन् पुढं कंसात ल्ह्या: जावाई."

मी लिहिलं. वळणदार अक्षरात, शुद्ध लिहिलं: जावई. खाली मामांनी सही केली आणि साक्षीदार म्हणून लिंबाजीबुवांनी.

मला वाटलं, असा अर्ज नक्की परत येणार. पण काही महिन्यांनी दोन नवे कोरे तारे आले. सोबत पत्र होतं. अर्जातले कारण ग्राह्य धरण्यात आले आहे. खाली कुणीतरी, बहुधा स्वतः सासरा असलेल्या माणसानं, शाईच्या पेनानं एक ओळ वाढवली होती: 'नवीन पदके सदर आपत्तीपासून सुरक्षित अंतरावर ठेवावीत.'

सुमननं ते पत्र काचेत बसवून माहेरच्या ओसरीवर लावलं आहे. मी तिथं गेलो की आधी चहा येतो, मग पाणी, मग जेवणाचं ताट. मानपान जावयाला शोभेल असाच असतो, फक्त तो सगळा ओसरीवरच होतो. कारण ट्रंक आतल्या खोलीत आहे.